माइल्ड हायब्रिडसाठी जादा पैसे टाकावेत का?

गोदाकाठ
नमस्कार मंडळी. जुनी हॅचबॅक काढून ब्रेझा घ्यायचं घरात जवळजवळ ठरलंय. पेट्रोल, मॅन्युअल. रोज नाशिकरोड ते सातपूर एमआयडीसी, म्हणजे द्वारका चौकाचा प्रसाद दोन्ही वेळेला. महिन्याचं रनिंग हजार किलोमीटरच्या आसपास. उन्हाळ्यात आणि गणपतीत गुहागर.

अडलंय ते इथे. एलएक्सआय आणि व्हीएक्सआय या खालच्या मॉडेलना साधं इंजिन आहे. झेडएक्सआयपासून वर तेच 1.5 लिटरचं इंजिन, पण 'स्मार्ट हायब्रिड', म्हणजे मारुतीने माइल्ड हायब्रिडला दिलेलं नाव. कागदावरचं ॲव्हरेज साध्याचं 17.38 आणि हायब्रिडचं 19.89. शोरूमचा मुलगा म्हणतो, "सर, हायब्रिडच घ्या, फरकाचे पैसे तीन वर्षांत पेट्रोलमध्ये वसूल." फरक लाखाच्या वर आहे. मेव्हणा म्हणतो हायब्रिड वगैरे काही नसतं, नुसतं मागच्या दारावर लिहिलेलं असतं. दोघांपैकी खरं कोण बोलतंय? त्या एका गोष्टीसाठी वरचं मॉडेल घ्यावं का?

हिशेबनीस
शोरूमच्या मुलाला कॅल्क्युलेटर भेट द्या.

वर्षाला 12,000 किमी धरू. 17.38 ने 690 लिटर लागतं, 19.89 ने 603. वाचलं 87 लिटर. पेट्रोल 104 रुपये धरलं तर वर्षाला नऊ हजार, तीन वर्षांत सत्तावीस. लाख वसूल व्हायला अकरा-बारा वर्षं लागतील, आणि तेही गाडीने कागदावरचं ॲव्हरेज दिलं तर. ते कुणाला मिळतं?

दुसरं म्हणजे व्हीएक्सआय आणि झेडएक्सआयमधला फरक हा हायब्रिडचा नाहीच. सनरूफ आणि बाकीची सजावट त्यात आहे. तुम्हाला सनरूफ हवं असेल तर घ्या, हायब्रिड त्याबरोबर आपसूक येतं. पण 'हायब्रिडसाठी लाख रुपये' असा हिशेब मांडणं विक्रेत्याच्या सोयीचं आहे, तुमच्या नाही.

आणखी एक, जे शोरूममध्ये शेवटी कळतं. एक्स-शोरूम किंमत 10 लाखांच्या वर गेली की आपल्याकडे पेट्रोल गाडीचा रोड टॅक्स 11 वरून 12 टक्के होतो, आणि वर 1 टक्का टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच घेतला जाणारा आयकर. टीसीएस रिटर्नमध्ये परत मिळतो किंवा वळता होतो, रोड टॅक्स गेला तो गेला. म्हणून दोन्ही मॉडेलचं ऑन-रोड कोटेशन लेखी मागवा आणि मगच फरक काढा.

अण्णा_गॅरेज
कोल्हापुरात माझं गॅरेज आहे, हायब्रिडवाल्या गाड्या रोज येतात. मेव्हणे म्हणतात तसं 'काही नसतं' असं नाही. असतं, पण थोडं असतं.

साध्या गाडीत डायनमो असतो, तो बेल्टवर फिरून बॅटरी चार्ज करतो. यात डायनमोच्या जागी आयएसजी म्हणून एक यंत्र असतंय. तेच डायनमो, तेच मोटर. सिग्नलला इंजिन बंद पडलं की परत चालू करायचं काम ते करतंय, आणि गाडी उठताना बेल्टवरनं इंजिनला थोडा हात लावतंय. सकाळचा पहिला सेल्फ मात्र नेहमीचाच सेल्फ मारतो. डाव्या सीटखाली छोटी लिथियम बॅटरी असते, बॉनेटखाली नेहमीची असतेच.

हे यंत्र चाकाला जोडलेलं नसतंय. त्यामुळं इंजिन बंद ठेवून नुसत्या बॅटरीवर गाडी एक फूट पण सरकत नाही. गिऱ्हाईक येऊन विचारतंय, "अण्णा, ईव्ही मोड कुठला?" मी म्हणतो, धक्का मारा, तोच.

भौतिकवाली_बाई
अण्णा, 'थोडं असतं' म्हणजे किती, ते मोजून पाहू. शाळेत अकरावीला शिकवते, सवय जात नाही.

या गाड्यांतली लिथियम बॅटरी 12 व्होल्ट, 6 अँपिअर-अवर. गुणाकार केला की 72 वॉट-तास. घरचा पंखा तासभर फिरेल एवढी वीज. आयएसजीची ताकद दोन किलोवॅटच्या आसपास.

आता ताशी 50 वेगाने जाणारी, माणसासकट साडेबाराशे किलोची गाडी सिग्नलला थांबली. तिच्यात 120 किलोज्यूल गतिज ऊर्जा असते, म्हणजे 33 वॉट-तास. थांबायला आठ सेकंद लागली असं धरलं, तर दोन किलोवॅटचं यंत्र त्या वेळात जास्तीत जास्त 16 किलोज्यूल गोळा करेल. साधारण सातवा-आठवा हिस्सा. बाकीचं हवेत, टायरमध्ये आणि ब्रेकच्या डिस्कमध्ये गेलं. 'ब्रेक मारला की बॅटरी चार्ज होते' ही जाहिरात खोटी नाही, पण तिचं माप एवढंच.

घाटाचं तर विचारूच नका. लोणावळ्याहून खोपोलीला उतरताना उंची साडेपाचशे मीटरने कमी होते. घरची मंडळी आणि सामान धरून चौदाशे किलोची गाडी म्हणजे दोन युनिट ऊर्जा. हवा आणि टायर यांनी अर्धी खाल्ली तरी एक युनिट उरतं. ते साठवायला आपल्याकडे आहे 0.07 युनिटचं भांडं. खंडाळ्याच्या दोन-चार वळणांत ते भरतं आणि पुढे सगळा घाट ते भरलेलंच राहतं.

शिवाय कुठल्याही आधुनिक इंजेक्शनच्या गाडीत गिअरमध्ये राहून ॲक्सलरेटर सोडून उतरलं की इंजिनात पेट्रोल जाणं थांबतं. साधी असो की हायब्रिड. म्हणजे उतारावर दोघी सारख्याच.

पम्या
बाई, मी अकरावीत असताना तुम्ही का नव्हता 😀

विदर्भवीर
अरे भाऊ, आमच्या नागपुरात या आधी मे महिन्यात. मग बोलू हायब्रिडवर.

या सगळ्या गाड्यांत एसीचा कॉम्प्रेसर बेल्टवर चालते. सिग्नलवर इंजिन बंद झालं का कॉम्प्रेसर बी बंद. नुसता ब्लोअर फिरते. 45 डिग्रीत अर्ध्या मिनिटात गाडीची भट्टी होते, मग सिस्टिम आपणहून इंजिन चालू करते. नाहीतर माणूसच वैतागून ते बटण दाबून सिस्टिम बंद करून टाकते. मार्च ते जून आमच्याकडे ते बटण बंदच असते सगळ्यांचं. वर्षातले चार महिने जे चालतच नाही त्याचा हिशेब बारा महिन्यांवर काऊन मांडायचा?

स्ट्राँग हायब्रिडमध्ये, म्हणजे मोटर स्वतः चाकं फिरवू शकते त्यात, कॉम्प्रेसर विजेवर असते, तिथं हा लफडा नाही.

सात_सीटर_वाला
सगळे एका बाजूने बोलताय म्हणून दुसरी बाजू मांडतो. माझी सात सीटर, पेट्रोल, माइल्ड हायब्रिड. पुण्यात चालते.

पहिला मुद्दा. फायदा शून्य असता तर 2020 च्या ब्रेझात असं झालं नसतं: तेव्हा मॅन्युअलला हायब्रिड नव्हतं, ऑटोमॅटिकला होतं. मॅन्युअलचा आकडा 17.03 आणि ऑटोमॅटिकचा 18.76. चार गिअरचा जुन्या पद्धतीचा ऑटोमॅटिक मॅन्युअलपेक्षा जास्त देतो, हे एरवी शक्य आहे का? पुढे जुलै 2023 मध्ये कंपनीने मॅन्युअल गाड्यांमधून हायब्रिड काढलं, तर आकडा 20.15 वरून थेट 17.38 वर आला. जानेवारी 2024 ला वरच्या दोन मॉडेलमध्ये परत दिलं, तर 19.89. इंजिन तेच. म्हणजे चाचणीत तरी दहा-पंधरा टक्के फरक पडतोच पडतो.

दुसरं, पैशात न मोजता येणारं. सिग्नल सुटला की इंजिन ज्या शांतपणे चालू होतं ते एकदा अनुभवा. साध्या सेल्फवर चालणाऱ्या स्टार्ट-स्टॉपवाल्या गाड्या खडखडून जाग्या होतात. यात कळतसुद्धा नाही. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये कमी आरपीएमला जो हलका रेटा मिळतो तोही ट्रॅफिकमध्ये जाणवतो. फार नाही, पण जाणवतो.

हिशेबनीस
@सात_सीटर_वाला, 'चाचणीत तरी' हे शब्द तुम्हीच वापरलेत, ते बरं केलंत.

आपल्याकडची चाचणी, एमआयडीसी म्हणतात ती (सातपूरची नव्हे), युरोपच्या जुन्या चाचणीवर बेतलेली आहे. सगळ्यात जास्त वेग 90, आणि चाचणीच्या वेळेतला जवळपास पाव भाग गाडी नुसती उभी असते. एसी बंद. उभ्या गाडीचं इंजिन बंद करणाऱ्या यंत्रणेला याहून सोयीची परीक्षा कोण देणार? तुमचे 17.38 आणि 19.89 यांच्यातला फरक बराचसा स्टार्ट-स्टॉपचा आहे. मोटरच्या रेट्याचा आणि ब्रेकमधून गोळा केलेल्या विजेचा त्यात वाटा लहान.

आणि नुसतं स्टार्ट-स्टॉप हायब्रिडशिवायही मिळतं. बलेनोचं उदाहरण घ्या. 2019 मध्ये साधी बलेनो आणि ड्युअलजेट नावाच्या नव्या इंजिनाची स्मार्ट हायब्रिड अशा दोन्ही शोरूममध्ये शेजारी उभ्या होत्या. त्याच मॉडेलसाठी फरक 89 हजारांचा. आकडे 21.01 आणि 23.87. वर्षाला 12,000 किमीवर 68 लिटर वाचतात, 104 च्या भावाने सात हजार. साडेबारा वर्षं लागली असती वसुलीला. लोकांनी काय केलं ते सांगायला नको. 2022 ची नवी बलेनो आली तेव्हा ड्युअलजेट इंजिन ठेवलं, स्टार्ट-स्टॉप ठेवलं आणि हायब्रिड काढून टाकलं. आकडा 22.35. म्हणजे 89 हजारांपैकी हायब्रिडने दिलं ते लिटरमागे दीड किलोमीटर. कंपनीलाच पटलं नाही, तर आपल्याला कशाला पटवून घ्यायचं?

भौतिकवाली_बाई
हे बरोबर आहे. उभ्या गाडीचं 1.5 लिटरचं इंजिन एसीसकट तासाला पाऊण ते एक लिटर पेट्रोल पितं. गोदाकाठ, तुम्ही रोज सिग्नलला एकूण पंधरा मिनिटं उभे राहत असाल तर महिन्याला पाच लिटर तिथे जातं. वाचवायचं ते हेच. चावी फिरवून स्वतः इंजिन बंद केलंत तर यातला बराचसा भाग फुकट वाचतो.

सात_सीटर_वाला
बाई, किती जण फिरवतात हो चावी? द्वारका चौकात सिग्नल हिरवा झाला आणि तुमची गाडी अजून सेल्फ घेतेय, मागचे हॉर्न काय काय म्हणतील ते इथे लिहिता येणार नाही.

अण्णा_गॅरेज
शिवाय नेहमीचा सेल्फ आणि नेहमीची बॅटरी दिवसातनं पन्नास वेळा चालू-बंद करायला बनवलेली नसती. ज्यांनी ज्यांनी ते व्रत घेतलं त्यांचे सेल्फ माझ्याकडं आलेत. लांब सिग्नल असेल तर करा, प्रत्येक ठिकाणी नको.

आणि मॅन्युअल हायब्रिडवाल्यांसाठी एक: इंजिन कधी बंद होतंय? गिअर न्यूट्रल, क्लच वरचा पाय काढलेला. तेव्हाच. आपल्यातली निम्मी माणसं सिग्नलला पहिला गिअर टाकून क्लच दाबून उभी असतात, जणू शर्यत सुटणार आहे. त्यांच्या गाडीतलं हायब्रिड जन्मभर झोपलेलं असतं, वर क्लच प्लेट लवकर जाती ती वेगळीच.

ठाणेकर_काकू
माझा प्रश्न वेगळा आहे. हे माइल्ड आणि स्ट्राँग यांच्यात एवढी दरी का? आमच्या ह्यांना ग्रँड व्हिटारा घ्यायची आहे. सेल्समन म्हणतो दोन्ही हायब्रिडच, मग अडीच-तीन लाख कशासाठी?

घोडबंदर_ग्रस्त
काकू, शेजारीच राहतो तुमच्या, म्हणजे त्याच ट्रॅफिकमध्ये. माझ्याकडे स्ट्राँग आहे म्हणून सांगतो.

माइल्डमध्ये मारुतीचं 1.5 चार सिलिंडरचं इंजिन आणि वर अण्णांनी सांगितलेला डायनमोचा मोठा भाऊ. स्ट्राँगमध्ये इंजिन टोयोटाचं तीन सिलिंडरचं, वेगळ्या पद्धतीने चालणारं, आणि चाकं फिरवू शकेल अशी खरीखुरी मोटर. बॅटरी 0.76 युनिटची. बाईंच्या 0.07 च्या दहापट. सोसायटीच्या गेटपासून सिग्नलपर्यंत इंजिन न लावता जाता येतं. 2022 मध्ये गाडी आली तेव्हा कागदी आकडे होते माइल्ड ऑटोमॅटिक 20.58, स्ट्राँग 27.97, आणि त्याच साजाच्या दोन गाड्यांत फरक 2 लाख 60 हजारांचा.

कागदी आकड्यांनी हिशेब केला तर तो कधीच जुळत नाही. पण घोडबंदर रोडवर रांगत जाणाऱ्या गाडीत माइल्डला 12 आणि स्ट्राँगला 22 मिळाले असं धरा. 12,000 किमीला हजार लिटर विरुद्ध साडेपाचशे. वर्षाला सत्तेचाळीस हजार. साडेपाच वर्षांत फिटलं. म्हणजे माझं मत विचाराल तर माइल्ड हायब्रिड जिथे लाज काढतं तिथे, म्हणजे तुंबलेल्या शहरात एसी लावून, स्ट्राँग हायब्रिड कमावतं. आणि समृद्धीवर 120 ने चालवणाऱ्याला दोन्ही बिनकामाचे.

फक्त दर महिन्याला तीन-चारशे किलोमीटरच चालवत असाल तर स्ट्राँगसुद्धा घेऊ नका.

ठाणेकर_काकू
हे रिटायर होतायत मार्चमध्ये. म्हणजे तीन-चारशेच. स्ट्राँग नकोच मग. थँक्यू हं, अडीच लाख वाचवलेत, चहाला या.

जुना_टायर
इथल्या पोरांना इतिहास माहीत नाही म्हणून लिहितो. हे माइल्ड हायब्रिड आपल्याकडे पंपावर पैसे वाचवायला आलंच नव्हतं.

एप्रिल 2015 मध्ये विजेच्या आणि हायब्रिड गाड्यांना सूट देणारी केंद्राची फेम योजना सुरू झाली. सप्टेंबरला सियाझ डिझेल एसएचव्हीएस (मारुतीच्या माइल्ड हायब्रिडचं तेव्हाचं नाव) आली, पाठोपाठ अर्टिगा. कागदावर सियाझ 28.09. पण खरी गंमत करात होती. हायब्रिड म्हणून एक्साइज 12.5 टक्के, त्याच आकाराच्या साध्या गाडीला 24. वर फेमची 13 हजारांची सूट. म्हणजे सरकारच पैसे देत होतं आणि वर थोडं डिझेल वाचत होतं. तेव्हा ज्याने घेतली त्याने शहाणपणा केला.

मग 2017 उजाडलं. एप्रिलपासून माइल्ड हायब्रिडला फेममधून बाहेर काढलं. सरकारचं म्हणणं सरळ होतं, यात विजेवर चालण्यासारखं काही नाही. जुलैला जीएसटी आला आणि हायब्रिडवर 28 अधिक 15 असा 43 टक्के बसला. त्या सियाझ आणि अर्टिगा डिझेल एका रात्रीत लाखापर्यंत महागल्या. तेच यंत्र, तेच ॲव्हरेज, फक्त कागद बदलला.

आता सप्टेंबर 2025 पासून परत नवीन दर. लांबी 4 मीटरच्या आत आणि पेट्रोल इंजिन 1200 सीसीच्या आत असेल तर 18 टक्के, हायब्रिड असो नसो. त्याहून मोठ्या गाडीला 40, हायब्रिड असो नसो. ब्रेझा 4 मीटरच्या आत आहे पण इंजिन 1462 सीसी, म्हणून 40 वाल्या पंगतीत. करात माइल्ड हायब्रिडला आज कवडीचीही वेगळी वागणूक नाही. उत्तर प्रदेशाने 2024 मध्ये हायब्रिडना नोंदणी शुल्क माफ केलं ते स्ट्राँगला आणि प्लग लावून चार्ज होणाऱ्या प्लग-इनला, माइल्डला नाही. आपल्याकडे टोलमाफी मिळाली ती इलेक्ट्रिकला.

पम्या
मग कंपन्या अजून का घालतात ते गाडीत? ग्राहक मागत नाही, सरकार सूट देत नाही.

माद्रिदचा_मावळा
याचं उत्तर माझ्या कामाशी जवळचं आहे, त्यामुळे जरा लांबण लागेल.

कंपनीला एकेका गाडीचा हिशेब द्यावा लागत नाही, विकलेल्या सगळ्या गाड्यांच्या सरासरीचा द्यावा लागतो. भारतात त्याला कॅफे नियम म्हणतात. 2017-18 पासून पहिला टप्पा, 2022-23 पासून दुसरा, किलोमीटरमागे 113 ग्रॅम कार्बन डायऑक्साइडच्या आसपास. हे मोजमाप रस्त्यावर होत नाही, हिशेबनीस म्हणाले त्याच चाचणीवर होतं. शिवाय स्टार्ट-स्टॉप, ब्रेकमधून ऊर्जा परत घेणं, सहा गिअर अशा ठरावीक तंत्रांना भारतीय नियमांत वेगळी सवलतही आहे. आता कंपनीच्या जागी बसून बघा. इंजिन नवीन बनवायला शेकडो कोटी, आणि डायनमो बदलून एक छोटी बॅटरी घालायला त्या मानाने किरकोळ खर्च. चाचणीत दहा टक्के सुधारणा. कोण सोडेल?

युरोपात तर सरळच आहे. मर्यादा ओलांडली की दर गाडीमागे, दर ग्रॅममागे 95 युरो दंड. म्हणून इथे 48 व्होल्टची माइल्ड हायब्रिड आता घरोघरी. आणि स्पेनमध्ये गंमत अशी की माइल्ड हायब्रिडच्या काचेवर 'इको' स्टिकर मिळतो, त्यावर शहरात जायला-यायला आणि पार्किंगला सवलती आहेत. अडीच टनांची एसयूव्ही, नावाला एक छोटी मोटर, आणि स्टिकर इको. छोटी साधी पेट्रोल गाडी, जी प्रत्यक्षात कमी पिते, तिला तो नाही. इथले लोक त्या स्टिकरसाठी जादा पैसे देतात, आणि त्यांच्यापुरतं ते बरोबरही आहे, कारण पार्किंगचे पैसे खरेच वाचतात. नाशिकमध्ये तसला स्टिकर नाही. मग ज्याचा फायदा कंपनीच्या सरासरीला होतो, त्याचे पैसे तुम्ही वेगळे का द्यायचे? गाडीत आलंच तर वापरा. वेगळं बिल लावलं तर नाही म्हणा. माझं एवढंच मत.

सात_सीटर_वाला
मावळ्याशी सहमत. माझ्या गाडीत पेट्रोलमध्ये हायब्रिडशिवाय पर्यायच नव्हता, त्यामुळे मी वेगळे पैसे दिले असं म्हणता येत नाही. पण हे 48 व्होल्टवालं आपल्याकडे चालेल का? त्यात तरी काही दम असेल.

हिशेबनीस
चालून झालं. 2019 ची एमजी हेक्टर आठवते? पेट्रोल मॅन्युअलमध्ये साधी आणि 48 व्होल्ट हायब्रिड अशा दोन्ही होत्या. सुपर मॉडेल 12.98 लाख आणि तेच हायब्रिड 13.58. फरक 60 हजार. कागदी आकडे 14.16 आणि 15.81. वर्षाला 88 लिटर वाचतात, 104 च्या भावाने साडेसहा वर्षांत वसूल. 2019 मध्ये पेट्रोल बरंच स्वस्त होतं, त्यामुळे तेव्हा आणखी लांब. नंतर हेक्टरमधून ते गेलंच. माइल्ड हायब्रिडमधला त्यातल्या त्यात बरा सौदा हा होता, आणि तरीही टिकला नाही.

आता 2025 मध्ये फॉर्च्युनर डिझेलला 48 व्होल्ट दिलंय. पण फॉर्च्युनर घेणारा माणूस ॲव्हरेज विचारत नाही. विचारलं तर घेत नाही.

कोकणी_गावकरी
सीएनजी कुणी बोलतच नाही? अर्टिगा पेट्रोल 20.51, सीएनजी 26.11, आणि किलोचा भाव लिटरपेक्षा कमी. जादा पैसे घालायचेच तर तिथे घाला, हायब्रिडपेक्षा लवकर दिसतात. डिकी जाते आणि रांगेत उभं राहावं लागतं, ते आहेच.

विदर्भवीर
गुहागरला जाताना गणपतीत सीएनजीच्या रांगेत उभं राहून पाहा भाऊ. आरती तिथंच होते.

संचालक
सीएनजीसाठी वेगळा धागा आहे, कृपया तिकडे बोलावे. इथे हायब्रिडपुरतेच राहू.

गोदाकाठ
सगळ्यांचे आभार, एवढं कुणी समजावून सांगेल असं वाटलं नव्हतं.

दोन्ही गाड्या एकाच दिवशी चालवून पाहिल्या. सात_सीटर_वाला म्हणतात ते खरं, सिग्नलला पुन्हा चालू होणं फारच सुखद आहे. बायकोला सनरूफ नको, ऊन आत येतं म्हणते. ऑन-रोड फरक रोड टॅक्स आणि विमा धरून आणखी वाढला. व्हीएक्सआय बुक केली. उरलेल्या पैशांतून चांगले टायर आणि बाकीचे बँकेत. शोरूमच्या मुलाला वर्षाला 87 लिटरचा हिशेब दाखवला तर म्हणाला, "सर, ट्रेनिंगमध्ये आम्हाला तीन वर्षं असंच सांगितलंय." त्याचा राग येत नाही, त्याला कुणी शिकवलं त्याचा येतो.

मिरजेची_मैना
उशिरा आले, पण प्रश्न याच धाग्यातला आहे. नवीन नको, जुनी बघतेय. 2019 ची पेट्रोल सियाझ, स्मार्ट हायब्रिड, चांगल्या भावात मिळतेय. हायब्रिडची बॅटरी गेली तर खर्च किती येतो याची भीती वाटते. काय तपासून घेऊ?

जुना_टायर
बॅटरीला घाबरू नका. सुझुकीच्या या पेट्रोल गाड्यांत लिथियम टायटेनेट जातीची बॅटरी असते, तोशिबाच्या तंत्राची. ही जात चार्ज-डिस्चार्जला चिवट म्हणून प्रसिद्ध आहे. पुढे तोशिबा, डेन्सो आणि सुझुकी यांनी मिळून गुजरातेत हंसलपूरला कारखानाही टाकला. मोबाइलच्या बॅटरीशी तिची तुलना करू नका. 2015-17 च्या डिझेलमध्ये मात्र लिथियम नव्हती, मोठी लेड-ॲसिड होती. ती कुणी स्वस्तातली साधी बसवली असेल तर हायब्रिड तिथेच संपलं. तुमची पेट्रोल आहे, तेव्हा तो प्रश्न नाही.

अण्णा_गॅरेज
मिरज म्हणजे आपलंच की ताई. गाडी बघायला जाताना एवढं करा.

गाडी गरम झाल्यावर, एसी बंद करून, न्यूट्रल करून क्लच सोडा. इंजिन बंद पडलं पाहिजे आणि क्लच दाबताच आवाज न करता चालू झालं पाहिजे. तीन-चार वेळा करून बघा. होत नसेल तर मालक म्हणेल "बटण बंद आहे". मग बटण चालू करून परत बघा.

बॉनेट उघडून बेल्ट बघा. आयएसजीमुळं या बेल्टवर दोन्ही बाजूंनी ताण येतो, साध्या गाडीपेक्षा लवकर घासतो. चिरा दिसल्या किंवा चालू होताना चिर्रर्र आवाज आला तर बेल्ट आणि टेन्शनर दोन्ही बदलायचा खर्च भावातनं कमी करून घ्या. तो फार नसतो. आयएसजी गेलं तर मात्र साध्या डायनमोच्या कैकपट जातात, आणि बाहेर रिपेअर करणारे अजून कमी आहेत. डॅशबोर्डवर कुठला पिवळा दिवा पेटून राहत असेल तर तिथनंच परत या.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, गाडी आपल्या भागातली आहे. 2019 आणि 2021 चा पूर विसरू नका. डावी सीट पूर्ण मागं सरकवा, खाली मोबाइलचा उजेड टाका. लिथियम बॅटरी तिथंच असते. कनेक्टरवर हिरवट थर, सीटच्या रुळावर गंज, कार्पेट उचललं की खाली वाळलेला गाळ, यातलं एक जरी दिसलं तरी भाव विचारू पण नका. कार्पेट धुऊन-वाळवून गाडी विकणारे आहेत, पण सीटच्या बोल्टखालचा गाळ कुणी काढत नाही. रविवार सोडून कधीही गाडी घेऊन या, लिफ्टवर चढवून बघतो.